तीन तास वीस मिनिटं

डिसेंबर १९३७ मध्ये झाकीर हुसेन समितीनं आपला अहवाल गांधीजींना सादर केला. त्यात शाळेच्या दिवसाचं वेळापत्रकही होतं. दिवस साडेपाच तासांचा. त्यातली तीन तास वीस मिनिटं मूळ हस्तोद्योगाला, संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस मिनिटं, मातृभाषेला चाळीस, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला तीस, व्यायामाला दहा आणि मधली सुट्टी दहा मिनिटांची. आजच्या वाचकाला आधी खटकते ती दहा मिनिटांची सुट्टी. पण त्या कागदावरचा सगळ्यात धाडसी आकडा पहिला आहे. सात ते चौदा वर्षांच्या मुलानं शाळेतला अर्ध्याहून जास्त वेळ हातात एक साधन घेऊन घालवावा आणि बाकीचे विषय त्या साधनाच्या निमित्तानं शिकावेत, असं ही समिती सांगत होती. साधन होतं सूत कातायची तकली.

जवळजवळ नव्वद वर्षांनी मुलांच्या हातात पुन्हा एक साधन आलं आहे. तेही खिशात मावतं, तेही घरी आणि शाळेत दोन्हीकडे चालतं आणि त्याच्यावरही तासन् तास जातात. म्हणून तंत्रज्ञानामुळे शिकणं कसं बदलतंय, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात विचारला की त्याला एक जुनी पार्श्वभूमी मिळते. शिकण्यासाठी कोणतं साधन घ्यावं, ते कुणाच्या हातात असावं आणि त्यानं काय साधावं, यावर देशातली सर्वात गंभीर चर्चा याच जिल्ह्यात झाली होती.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. चार ठराव झाले: सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण, एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती सगळ्या शिक्षणाची गुंफण आणि त्या उत्पादनातून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा ही अपेक्षा. त्यानंतर झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसनं योजना उचलून धरली आणि हिंदुस्तानी तालिमी संघाचं काम सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, सुरू झालं. ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी आर्यनायकम या दांपत्यानं ते वाहिलं. देशानं त्याला नाव दिलं ‘वर्धा योजना’. तिथल्या माणसांनी म्हटलं नई तालीम.

सेवाग्रामला तंत्रज्ञानाचं वावडं होतं, हा समज मात्र काढून टाकायला हवा. जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली १९३४ पासून वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम चालू होतं आणि घाणी, चक्की, हातकागद, चरखा यांत सुधारणा कशी करता येईल यावर तिथं सतत प्रयोग होत. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयात आजही नाना तऱ्हेचे चरखे पाहायला मिळतात. दोन्ही हातांनी सूत कातता यावं म्हणून पायानं चालवायचा केलेला मगन चरखा त्यातलाच. सेवाग्राम आश्रमात तर व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी थेट संपर्कासाठी बसवून दिलेला टेलिफोनही जपून ठेवला आहे. कुटीच्या मातीच्या भिंतीइतकाच तोही आश्रमाचा भाग आहे.

तकलीवर शिकणं म्हणजे नेमकं काय, हे आकड्यांतून लवकर कळतं. चार फूट सुताला एक तार म्हणायचं. एकशे साठ तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे सहाशे चाळीस तारांची एक गुंडी. आता मूल तासाला ऐंशी तार कातत असेल, तर गुंडीला किती तास? सूत दोनदा तुटलं आणि वेग साठ तारांवर आला, तर किती? गुंडीचं वजन काय भरलं, त्यावरून सुताचा अंक किती? गुणाकार, भागाकार, सरासरी, वजनमापं सगळं इथं येतं. आणि उत्तर चुकलं की ते मास्तरांच्या लाल शाईच्या आधी समोरच्या गुंडीतच दिसतं. कापूस कुठून आला, सरकी वेगळी कशी करायची, पिंजताना धागे एका दिशेला का आणायचे, पेळू ओलसर असला तर काय होतं, हे विज्ञान. काळ्या मातीत कपाशीच का, हिंगणघाटच्या कापसाचं नाव इंग्रजांच्या काळात परदेशी बाजारापर्यंत का गेलं आणि इथल्या कापसाचं कापड होऊन तेच इथल्या शेतकऱ्याला विकत का घ्यावं लागलं, हा इतिहास आणि भूगोल. कापूस वेचणाऱ्या आईचं मूल शाळेत आलं की त्याच्याकडे आधीच असलेलं ज्ञान तिथं कामी येत होतं. वर्ध्याच्या शाळेला हे जितकं सहज जमण्यासारखं होतं, तितकं मुंबईच्या शाळेला नव्हतं.

१९३७ च्या परिषदेतली सगळ्यात टोकदार शंका खुद्द झाकीर हुसेन यांनीच मांडली होती. स्वावलंबनावर, म्हणजे मुलांच्या कामातून शाळेचा खर्च काढण्यावर, फार भर दिला तर शिक्षक गरीब मुलांच्या श्रमांवर देखरेख करणारे मुकादम होतील आणि तसं झालं तर तकली पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल, असा त्यांचा इशारा होता. तकलीच्या योजनेवर सही करणारा माणूस हे बोलत होता. साधनाची बाजू घेताना त्याचा धोकाही तितक्याच स्पष्टपणे सांगण्याची ही तयारी आज शाळेत टॅब वाटताना कुणी दाखवत नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगता येईल. स्वातंत्र्यानंतर नई तालीमच्या, म्हणजे ‘बेसिक’ शाळांची संख्या वाढली, पण अनेक ठिकाणी तकली हा वेळापत्रकातला एक तास झाला. मूल कातत राहिलं आणि गणित वेगळ्या तासाला, वेगळ्या पुस्तकातून, वेगळ्या तऱ्हेनं शिकत राहिलं. साधन वर्गात आलं, पण विषय त्याच्याभोवती गुंफण्याचं कसब असलेला शिक्षक सगळीकडे पोचला नाही. शिवाय आईबापांना वाटे, आम्ही वावरात हातानं राबतो ते पुरे, पोरानं शाळेत जाऊन लेखणी धरावी. या भावनेत अन्याय भोगलेल्या माणसांची समज होती; तिला मागासलेपणा म्हणणं चूक ठरेल. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं ‘कार्यानुभव’ हा शब्द आणला आणि ‘बेसिक’ हे नाव मागे पडलं. सेवाग्रामात मात्र नई तालीम समितीनं २००५ मध्ये आनंद निकेतन विद्यालय पुन्हा सुरू केलं. आसपासच्या गावांतली मुलं तिथं मराठीतून शिकतात. शाळेची शेती, स्वयंपाकघर, कताई आणि शिवण यांतून गणित आणि विज्ञानाकडे जाण्याची वाट तिथं अजून चालू आहे.

दरम्यान महाराष्ट्रातल्या बाकीच्या शाळांत एकामागून एक यंत्रं येत गेली. रेडिओ आला, मग टीव्ही. पुण्यात १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. मराठी शाळकरी मुलांसाठी मराठीत विचार करून केलेले तिचे कार्यक्रम एका पिढीनं दूरदर्शनवर पाहिले. २०१७ मध्ये ती बंद झाली. ज्या वर्षी देशात ‘दीक्षा’ हा डिजिटल मंच आला, त्याच वर्षी आपल्या भाषेतल्या चित्रफितींचा अनुभव असलेली संस्था गुंडाळली जावी, ही हळहळण्यासारखी गोष्ट आहे. २००१ मध्ये एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम आला आणि तालुक्याच्या गावात ‘कम्प्युटर क्लास’ची पाटी लागली. सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागू लागल्यावर लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा माऊस हातात धरला. त्या वर्गांची खिल्ली उडवणारे होते. पण हिंगणघाट, आर्वी, पुलगाव अशा ठिकाणच्या मुलींना घराबाहेर पडून संगणकापुढे बसण्याची मुभा त्याच प्रमाणपत्रानं मिळवून दिली.

मूल आणि यंत्र यांना एकटं सोडलं तर काय होतं, हाही प्रयोग महाराष्ट्रानं पाहिला. सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत संगणक बसवून वस्तीतल्या मुलांना तो हवा तसा वापरू दिला. पुढे सिंधुदुर्गातही असे संगणक लागले. मुलं आपापसांत शिकतात, हे त्यातून लखलखीत दिसलं. २००७ मध्ये रायगडच्या खैरात-धनगरवाड्यावरच्या छोट्याशा शाळेत ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. हीच मोहीम पेरू देशानं आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटून मोठ्या प्रमाणावर राबवली आणि २०१२ मध्ये तिची पद्धतशीर तपासणी झाली, तेव्हा गणित आणि भाषेतल्या गुणांवर तिचा परिणाम सापडला नाही. मुलांना लॅपटॉप हाताळता येऊ लागला, बेरीज-वजाबाकी होती तिथंच राहिली. नुसत्या साधनानं हस्तकौशल्य येतं, विषय येत नाही. तकलीच्या शाळांनी हा धडा पन्नास वर्षांपूर्वीच घेतला होता.

जिथं काही घडलं, तिथं बहुधा एका शिक्षकाचं नाव निघतं. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्यात संदीप गुंड यांनी जिल्हा परिषदेची शाळा डिजिटल केली आणि ती पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवले. धडा वाचता वाचता मूल त्याच धड्याची कविता ऐकू किंवा चित्रफीत पाहू शकेल, अशी ती सोय होती. कल्पना इतकी साधी की ती राज्याच्या पुस्तकांत गेली, मग देशाच्याही. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. आज बालभारतीच्या पुस्तकात तो काळा-पांढरा चौकोन असतो. तो स्कॅन करायला घरात फोन लागतो आणि त्या फोनवर डेटा लागतो, हे मात्र पुस्तकात छापता येत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि हीच अडचण सगळ्यांना एकदम दिसली.

त्या दीड-दोन वर्षांत महाराष्ट्रानं शिकवण्याच्या किती वाटा शोधल्या, याची नोंद शिक्षणाच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी. शहरात झूम चालू झालं. सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीनं नेटवर्क मिळेल अशी डोंगरावरची जागा शोधून तिथं झोपडीत अभ्यास केला. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीसाठीची मालिका सुरू झाली. घरात असलेल्या वस्तूंतून मुलांनी स्वतः करून पाहायच्या कृती तिच्यात होत्या. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले, म्हणजे रस्त्यानं जाता-येता मूल वाचेल. मोखाड्याच्या पाड्यांवर ‘बोलकी शाळा’ ध्वनिक्षेपक घेऊन फिरली. आणि नागपूर विभागात, म्हणजे वर्ध्यासह सहा जिल्ह्यांत, प्रशासन, ‘प्रथम’ ही स्वयंसेवी संस्था आणि आकाशवाणीचं नागपूर केंद्र यांनी मिळून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा रेडिओ कार्यक्रम चालवला. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, पण कोपऱ्यात रेडिओ होता किंवा साध्या फोनवर एफएम लागत होता, तिथं तो ऐकला गेला. कार्यक्रमात मुलांचे आणि आईबापांचे आवाजही येत. आपल्यासारखंच बोलणारं पोरगं रेडिओवर ऐकू येणं, ही विदर्भातल्या खेड्यातल्या मुलासाठी लहान गोष्ट नव्हती.

सगळ्यात नवं यंत्र सगळ्यात उपयोगी, हा समज त्या काळात गळून पडला. भिंत, भोंगा आणि रेडिओ जिथं पोचले तिथं फोर-जी पोचलं नव्हतं. पण याच काळात स्मार्टफोनही घरात शिरला. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीनुसार शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं. २०२० मध्ये ते ६१.८ टक्के झालं. कित्येक बापांनी त्यासाठी कर्ज काढलं, शेळी विकली. पोराचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून घेतलेला तो फोन शाळा सुरू झाल्यावर परत दुकानात गेला नाही.

आता तो घरोघरी आहे. ‘असर २०२४’ सांगतं की १४ ते १६ वर्षांच्या ग्रामीण मुलांपैकी ८२.२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी मागच्या आठवड्यात अभ्यासाच्या कुठल्याही कामासाठी तो वापरला, असं सांगणारे ५७ टक्के; समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. त्यांच्यात स्वतःचा फोन असलेल्या मुलग्यांचं प्रमाण ३६.२ टक्के, मुलींचं २६.९. दर चार मुलग्यांमागे तीन मुली, हा तो हिशेब. घरात एकच फोन असेल तर संध्याकाळी तो आधी कुणाच्या हातात जातो, हे वेगळं सांगायला नको. त्याच्या आदल्या वर्षीची, १४ ते १८ वयोगटाची पाहणी अधिक अस्वस्थ करते. त्यात चौथाई मुलांना मातृभाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नाही आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं निम्म्याहून अधिक जणांना जमलं नाही. हीच मुलं फोनवर हवं ते शोधू शकतात. साधनावरचा हात बसला आहे, अक्षरावरचा नाही.

गावांनीही आपापल्या परीनं उत्तरं शोधली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं. वर्ध्याच्या शेजारी यवतमाळमध्ये, पुसद तालुक्यातल्या बांशीच्या ग्रामसभेनं त्याच वर्षी अठराखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदीच केली. दोन गावं, दोन उपाय. वडगावच्या उपायात मोठ्यांनीही फोन खाली ठेवायचा होता, म्हणून तो जास्त पटतो. बंदीत फक्त मुलं चुकीची ठरतात.

यंत्रानं शिकणं सुधारल्याचे भक्कम पुरावेही आहेत आणि ते झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांत ‘माइंडस्पार्क’ हा संगणकीय कार्यक्रम वापरणाऱ्या मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदीत ती मुलं बरीच पुढे गेली. कारण समजून घेण्यासारखं आहे. सातवीतलं मूल चौथीच्या पातळीवर असेल, तर यंत्र त्याला चौथीचं गणित देतं. त्याला त्याची लाज वाटत नाही, शेजारच्या मुलाला ते कळतही नाही. पन्नास मुलांच्या वर्गात अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत असलेल्या शिक्षकाला हे करणं जवळजवळ अशक्य असतं. तसंच ‘नीट’चा अभ्यास करणारी समुद्रपूरची मुलगी आज यूट्यूबवर कोटाच्या शिक्षकाचं व्याख्यान मध्येच थांबवून तीनदा ऐकू शकते. तिच्या आईच्या पिढीला त्यासाठी निदान नागपूरला खोली करून राहावं लागलं असतं.

शिकणं शाळेपुरतं नसतं. वर्ध्यात ते वावरातही चालतं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली कपाशी खाल्ली आणि शेजारच्या यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर मेले. तेव्हा एक गोष्ट उघडी पडली: कोणतं औषध, किती प्रमाणात आणि कशात मिसळून, हे ज्ञान बहुतेकांना मिळत होतं ते कृषिसेवा केंद्राच्या काउंटरवर, म्हणजे माल विकणाऱ्याकडून. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र, राज्याचा कीड-सर्वेक्षणाचा ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प हे सगळं असूनही शेवटच्या माणसाला वेळेवर सल्ला पोचत नव्हता. फोननं ही दरी थोडी भरली आहे. कामगंध सापळा कसा लावायचा, किती पतंग सापडले की फवारायचं, हे चित्रफितीत पाहून वावरात लगेच करता येतं. २०२५ मध्ये राज्याच्या कृषी विभागानं ‘महाविस्तार’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं ॲप आणलं. मराठीत प्रश्न विचारा, मराठीत उत्तर. इथं शिकणाऱ्याच्या हातात आधीपासून काम आहे आणि उत्तर चुकलं तर त्याची किंमत पिकात मोजावी लागते. त्यामुळे शेतकरी यंत्राचा सल्ला शेजाऱ्याला विचारूनच वापरतो. ही सवय मुलांनी त्याच्याकडून घ्यावी अशी आहे.

दवाखान्यातलं शिक्षणही बदललंय. २०१९ पासून देशातल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात कौशल्यावर भर आला आणि कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक झाल्या. भावी डॉक्टर आधी रबरी हाताच्या शिरेत सुई टोचतो, प्लास्टिकच्या छातीवर दाब देतो. रुग्णावर पहिली चूक होत नाही, हे मोठं काम आहे. पण १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी उभ्या केलेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी सुरुवातीला आश्रमात शिबिराला राहतात आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पुतळ्याच्या शिरेला भीती नसते, घरी वाट पाहणारी लेकरं नसतात आणि ‘मजुरी बुडते म्हणून दवाखान्यात आले नाही’ हे कारण ती सांगत नाही. ते शिकायला गावातच जावं लागतं, आणि वर्ध्यात पुतळ्याची आणि गावाची, या दोन्ही शाळा एकाच रस्त्यावर आहेत.

झाकीर हुसेन यांची भीती आणि तकलीमागचा विचार एकत्र सांभाळून पुढे नेलेलं काम पाहायचं, तर वर्ध्यातून पुणे जिल्ह्यात पाबळला जावं लागतं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम काढला. ते औद्योगिक संशोधनातले शास्त्रज्ञ होते. त्यांच्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस कामात घालवतात: वेल्डिंग, बांधकाम, विजेचं फिटिंग, जमीन मोजणी, माती परीक्षण, रक्तगट तपासणं, खाद्यपदार्थ बनवणं. गावकऱ्यांची खरी कामं ती करून देतात आणि त्याचा हिशेब ठेवतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं पाबळमध्ये फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीच्या आवाराबाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक. संगणकावर आखलेली वस्तू यंत्रानं कापून, जोडून हातात घेता यावी, अशी ती जागा आहे. तिथली मुलं एलईडी दिवे करतात, अंडी उबवण्याचं यंत्र करतात. तकली मोडली तर मूल ती बांबूच्या काडीनं आणि खापराच्या चकतीनं पुन्हा करू शकत होतं. पाबळचं मूल संगणकाच्या बाबतीत तिथवर जवळजवळ पोचतं. टॅबवर धडा पाहणारं मूल मात्र बोटानं वर सरकवतं आणि खाली सरकवतं. त्याच्या आत काय आहे, ते कुणी ठरवलं, हे त्याला विचारताही येत नाही. शिकण्यातला सगळ्यात मोठा फरक या दोन मुलांमध्ये आहे. शहर आणि खेडं यांच्यातला फरक त्याहून लहान आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हा फरक आणखी रुंदावेल अशी चिन्हं दिसतात. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि वर्षभरात महाविद्यालयांतले प्रकल्प-अहवाल संशयास्पद रीतीनं नीटनेटके होऊ लागले. तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार मुलांवर झालेला प्रयोग याबाबत फार बोलका आहे. गणिताच्या सरावात ज्यांना हे यंत्र मोकळेपणी वापरू दिलं, त्यांनी सरावात ४८ टक्के चांगली कामगिरी केली. पण परीक्षेत यंत्र काढून घेतल्यावर तीच मुलं, कधीच यंत्र न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के मागे पडली. तिसऱ्या गटाला दिलेलं यंत्र उत्तर देत नव्हतं, शिक्षकांनी ठरवून दिलेल्या सूचना तेवढ्या देत होतं. त्या मुलांचं हे नुकसान बऱ्याच अंशी टळलं. यंत्र तेच, आखणी वेगळी, आणि आखणीत शिक्षकाचा हात.

म्हणूनच शिक्षकाचा वेळ कुठे जातो, हा या आढाव्यातला कळीचा प्रश्न आहे. महाराष्ट्रातल्या शाळांत तंत्रज्ञानाचा सर्वाधिक वापर आजघडीला मुलं करत नाहीत, शिक्षक करतात, आणि तो शिकवण्यासाठी होत नाही. माहिती भरा, फोटो टाका, दुवा उघडा, तातडीनं पाठवा. पोषण आहाराची नोंद वेगळी, शाळांची माहिती गोळा करणाऱ्या युडायसची वेगळी. डिसेंबर २०२३ पासून विद्यार्थ्यांची हजेरीही चॅटबॉटवर घेण्याचा आदेश निघाला. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही घोषणा घेऊन शिक्षकांचे मोर्चे निघाले, यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा? १९३७ मध्ये भीती होती की साधन शिक्षकाला मुकादम करील. त्यानं त्याला कारकून केलं. देशपातळीवर २०२३-२४ च्या युडायस आकडेवारीप्रमाणे चालू संगणक ५७.२ टक्के शाळांत होते आणि इंटरनेट ५३.९ टक्के शाळांत. म्हणजे उरलेल्या शाळांतला शिक्षक ही सगळी माहिती स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या पैशानं भरतो.

वर्धा परिषदेचा दुसरा ठराव मातृभाषेचा होता आणि नव्या यंत्रांच्या संदर्भात तो पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, मराठी विश्वकोश महाजालावर वाचता येतो, वर्ध्याच्याच आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयानं ‘हिंदी समय’ या संकेतस्थळावर हिंदी साहित्याचा मोठा साठा मोफत ठेवला आहे. मूल मोठ्यानं वाचतं आणि यंत्र त्याचे उच्चार तपासतं, अशी ॲपही मराठीत आली आहेत. यंत्रं मात्र शिकतात ती लिहिलेल्या आणि रेकॉर्ड केलेल्या मराठीतून. सेलू-देवळीकडचं पोरगं ‘काऊन’ म्हणतं, शेताला वावर म्हणतं, कपाशीला पऱ्हाटी म्हणतं. या बोलीतलं लिहिलेलं थोडं आहे आणि ध्वनिमुद्रित त्याहून थोडं. ज्या मुलाची भाषा यंत्राला कळत नाही, ते मूल यंत्रापुढे अडखळतं, आणि यंत्र ते वाचनातलं अडखळणं समजतं.

यावर करण्यासारखं एक काम जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेला उद्यापासून जमेल. वखर, तिफण, डवरणी, सरकी, पेळू यांची नावं आणि त्यांच्या गोष्टी आजीकडून ऐकून फोनवर मुद्रित करायच्या, त्या लिहून काढायच्या, त्यांचे शब्द मोजायचे, कोणता शब्द कोणत्या गावापर्यंत जातो त्याचा नकाशा करायचा. त्यात भाषा येते, गणित येतं, भूगोल येतो. फोन बहुतेक घरांत आहे. सरकी आणि पेळू जिच्या हातून गेले आहेत अशी आजी काही घरांत अजून आहे.